गोडी छाटणी आणि 'शातो'चा कागद

ठाण्यात, नौपाड्यातल्या आमच्या खिडकीत एका हिरव्या बाटलीत मनी प्लँट वाढतो आहे. पाणी बदलताना बोटाला लेबलाचा खरखरीत तुकडा लागतो. पाण्याने धुऊन धुऊन त्यावर रोमन लिपीतले दोनच शब्द उरले आहेत: 'शातो' आणि 'नारायणगाव'. पहिला फ्रान्सचा, दुसरा जुन्नर तालुक्यातला. लेबलाचा खालचा कोपरा गळून गेलाय, त्यामुळे त्यावर द्राक्षाच्या हंगामाचं वर्ष छापलं होतं की नाही, यावर बोलायचा अधिकार आपल्याला नाही. उरलेल्या कागदावरच बोलायचं, हा नियम बाटलीलाही लागू.

'शातो' म्हणजे गढी, वाडा. बोर्दो भागात त्याचा अर्थ मालकाचा वाडा, त्याभोवतीचे मळे आणि तिथेच तयार होणारी वाइन असा सगळा मिळून होतो. या शब्दाला वजन आलं ते कागदामुळे, आणि ते कसं आलं हे 'ओ-ब्रियाँ' या एका मळ्यापुरतं नीट जुळवता येतं. १६६० साली इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स याच्या तळघराच्या हिशेबात या मळ्याच्या बाटल्या लिहिलेल्या आहेत. १० एप्रिल १६६३ रोजी नौदलाच्या कचेरीतला अधिकारी सॅम्युअल पेपिस लंडनच्या एका पिठ्यात ती वाइन प्याला आणि तिची चव आपण पूर्वी कधी चाखली नव्हती, असं त्याने रोजनिशीत नोंदवलं. मळ्याचं नाव त्याने ऐकलं तसं, म्हणजे चुकीचं लिहिलं. ती चूकच पुराव्याला बळ देते: नाव त्याने कुठून उतरवलेलं नाही, कानांनी टिपलेलं आहे. पुढे १४ मे १६७७ रोजी तत्त्वज्ञ जॉन लॉक स्वतः मळ्यावर गेला. पोंताक घराण्याची ती जमीन त्याने पायाखाली पाहिली: किंचित उंचवटा, पश्चिमेकडे मोकळा, पांढरी वाळू आणि थोडी खडी. इथे काही पिकेल असं वाटू नये, अशी ती माती.

हिशेबनीस, रोजनिशीवाला आणि प्रवासी. तिघांची एकमेकांशी गाठ नाही. एकाने माल मोजला, एकाने चव लिहिली, एकाने माती पाहिली. सतरा वर्षांत एका मळ्याची तीन बाजूंनी नोंद झाली, आणि त्यातली एकही त्या मळ्याची जाहिरात करायला लिहिलेली नव्हती.

बोर्दोच्या मळ्यांची वर्गवारी त्यानंतर पावणेदोनशे वर्षांनी आली. १८५५ च्या पॅरिस प्रदर्शनासाठी बोर्दोच्या व्यापारी मंडळाने ५ एप्रिलला वाइनच्या दलालांकडे यादी मागितली. १८ एप्रिलला उत्तर हजर! तेरा दिवसांत कोणी शेकडो वाइन चाखून बघत नाही. दलालांनी आपल्या चोपड्या उघडल्या आणि वर्षानुवर्षं कुठल्या मळ्याच्या मालाला काय भाव मिळत आला, त्यावरून पाच वर्ग लावले. पहिल्या वर्गात लाफित, मार्गो, लातूर आणि ओ-ब्रियाँ ही चार नावं. (आपल्या लातूरशी त्याचा संबंध फक्त उच्चारापुरता.) सप्टेंबरमध्ये कांतमेर्ल हे नाव मागाहून जोडलं गेलं. वरच्या वर्गात बढती झाली ती एकच: २१ जून १९७३ च्या आदेशाने मुतों हा मळा पहिल्या वर्गात आला, आणि त्या आदेशावर सही होती तेव्हाचे कृषिमंत्री जाक शिराक यांची. गंमत अशी की मूळ यादीत बहुतेक मळ्यांच्या नावाआधी 'शातो' नव्हतंच. भाव आधी, नाव मागून.

आता आपल्याकडच्या कागदांकडे येऊ. ठाण्याची सर्वात जुनी 'वाइन' द्राक्षाची नव्हतीच. १३२१ मध्ये ठाण्यात चार ख्रिस्ती धर्मप्रचारक मारले गेले. त्यांच्या अस्थी न्यायला आलेल्या ओडोरिक या इटालियन साधूने इथल्या झाडांपासून मिळणाऱ्या मादक पेयाची आठवण नमूद केली आहे. ती झाडं म्हणजे आपले ताड-माड, हे सांगायला इतिहासकार लागत नाही. साडेपाचशे वर्षांनी, १८८२ च्या ठाणे गॅझेटिअरमध्ये तीच झाडं पुन्हा भेटतात. मधे १८७८ चा मुंबई अबकारी कायदा झालेला असतो, म्हणून आता ती भेटतात कराच्या रकान्यात: ताड, माड, शिंदी, दर झाडामागे पट्टी, भंडाऱ्यांचे परवाने, उरणच्या भट्ट्या. सरकारला झाडाचा रस चाखायचा नव्हता, मोजायचा होता. बोर्दोच्या दलालाने भाव लिहिला, आपल्या अंमलदाराने पट्टी लिहिली. पेयाबद्दलच्या आपल्या सरकारी कागदांचं वळण तिथून जे पडलं ते पडलंच.

द्राक्षाचा पुरावा घाटावर आहे. मुहम्मद तुघलकाचा वकील म्हणून निघालेला इब्न बतूता १३४२ नंतर दौलताबादेत पोचला. तिथे द्राक्षं आणि डाळिंबं वर्षातून दोनदा येतात, असं त्याचं म्हणणं. हा वृत्तांत त्याने मायदेशी परतल्यावर आठवणीतून सांगितलेला, म्हणून सावध राहावं लागतं. पण एकोणिसाव्या शतकातली घाटावरची गॅझेटिअरं त्याला दुजोरा देतात: वेलीला एक बहार पावसाळ्यात येतो, तो आंबट, दुसरा हिवाळा सरताना येतो, तो गोड, आंबट बहार शेतकरी धरत नाहीत. वेली चढवायला पांगाऱ्याचे खुंट आणि जातींची नावं भोकरी, फकडी, साहेबी.

हे वाचल्यावर नाशिक-नारायणगावच्या बागायतदाराच्या तोंडचा रोजचा शब्द एकदम जुन्या दस्तऐवजासारखा उघडतो. फ्रान्समध्ये थंडीत वेल झोपते. पानं झडतात, वर्षातून एकदाच छाटतात. आपल्याकडे वेल झोपतच नाही. मग शेतकरी तिला दोनदा छाटतो. एप्रिलमध्ये 'खरड छाटणी', ओलांड्यापर्यंत, म्हणजे वेलीच्या आडव्या फांदीपर्यंत. त्यातून नव्या काड्या तयार होतात आणि पुढच्या घडांची बीजं त्या काडीच्या डोळ्यांत धरली जातात. ऑक्टोबरच्या सुमारास 'गोडी छाटणी', त्या काड्यांवर मोजून डोळे राखून. त्यातून जानेवारी ते मार्चमध्ये काढणी. पावसातला बहार धरला तर केवडा रोग घड खाऊन टाकतो. 'गोडी' हा शब्द म्हणजे आंबट बहार सोडून दिल्याची शिल्लक राहिलेली नोंद आहे. दौलताबादेतला दुबार बहार आणि आजची दुबार छाटणी यांचं कारण एकच, वेलीला न मिळालेली झोप.

या वेलीवर 'शातो' शब्द चढला १९८० च्या दशकात. शामराव चौगुले यांनी पिपर-हाइडसीक या शँपेन घराण्याचं तांत्रिक सहकार्य घेऊन नारायणगावला वाइनरी उभारली. कंपनीचं नाव शँपेन इंडाज; तिच्या लेबलावर 'शातो'. दारूबंदीचा १९४९ चा मुंबई कायदा आणि त्यातली परमिटं डोक्यावर असताना हे धाडस होतं, यात शंका नाही. बाटलीतच दुसऱ्यांदा आंबवलेली त्यांची फसफसती वाइन परदेशी गेली. पण लेबलं पुरावा म्हणून वाचा. 'ओमर खय्याम' हा फारसी कवी, 'मार्किझ द पाँपादूर' ही फ्रेंच राजाची मर्जीतली बाई, 'रिव्हिएरा' हा समुद्रकिनारा. मीना नदी नाही, शिवनेरी नाही, जुन्नर नाही. गावाचं नाव आलं ते फक्त पत्त्यात. पुढे कंपनीने परदेशात खरेद्या केल्या, कर्ज वाढलं, आणि तिची अखेर मुंबई उच्च न्यायालयाच्या कागदांत झाली. ओ-ब्रियाँचे मालकही बदलले. पण मळ्याची प्रत मातीवर आणि भावावर नोंदलेली असल्याने मालक गेला तरी नाव राहिलं. नारायणगावची प्रत कंपनीच्या नावावर होती, कंपनीबरोबर ती गेली.

नंतरचे कागद थोडे सुधारले. २००१ च्या राज्याच्या धोरणाने इथल्या द्राक्षाच्या वाइनला शुल्कात सवलत दिली. विंचूर आणि पलूसला वाइन पार्क आखले. नाशिकला राजीव सामंतांची पहिली वाइन २००० मध्ये आली; 'सुला' हे नाव त्यांच्या आईच्या, सुलभाताईंच्या नावावरून. लेबलावर निदान घरचं माणूस आलं. 'नाशिक व्हॅली वाइन'ला भौगोलिक मानांकन मिळालं, म्हणजे नाव जागेला बांधलं गेलं. तरी वर्गवारी होण्यासाठी लागतो तो कागद अजून व्हायचा आहे: कुठल्या गटातली द्राक्षं, कुठली जात, कुठल्या साली, कुठल्या भावाने. सातबाऱ्याच्या पीकपेऱ्यात 'द्राक्ष' एवढंच येतं.

हे आपल्याला जमत नाही असं नाही. युरोपला खायची द्राक्षं पाठवणारा बागायतदार ग्रेपनेट या निर्यातीसाठीच्या संगणकीय नोंदवहीत आपल्या प्लॉटची नोंद करतो आणि फवारणीची तारीख-वार वही ठेवतो, कारण तिकडचा गिऱ्हाईक ती मागतो. वाइनच्या द्राक्षांची तशी वही कोणी मागत नाही. तेव्हा नाशिक, नारायणगाव आणि पलूसच्या बागायतदारांना एकच विनंती: मागायची वाट पाहू नका. गट नंबर, माती, जात, दोन्ही छाटण्यांच्या तारखा आणि मिळालेला भाव, वर्षाला एक पान लिहा आणि ते जपून ठेवा. बोर्दोची यादी तेरा दिवसांत झाली, कारण चोपड्या आधीपासून भरलेल्या होत्या.