यू-५७०: शत्रूच्या पाणबुडीची दुसरी कारकीर्द

१/ २७ ऑगस्ट १९४१. आइसलँडच्या दक्षिणेस 'यू-५७०' ही जर्मन पाणबुडी पृष्ठभागावर आली, ती नेमकी ब्रिटिश हडसन विमानाच्या टप्प्यात. स्क्वाड्रन लीडर जेम्स थॉम्पसन यांनी तिच्यावर चार डेप्थ चार्ज, म्हणजे पाण्याखाली ठरावीक खोलीवर फुटणारे बॉम्ब, टाकले. थोड्याच वेळात पाणबुडीवरून पांढरे निशाण हलू लागले.

२/ तिची ही पहिलीच मोहीम होती. नॉर्वेतील ट्रॉन्डहाइमहून निघून जेमतेम काही दिवस झाले होते. बहुतेक खलाशी नवखे; अनेकांना समुद्र लागलेला. स्फोटांनी आत अंधार पसरला, पाणी शिरले. बॅटरीतील आम्लात खारे पाणी मिसळले की विषारी क्लोरीन वायू तयार होतो. कप्तान हान्स-योआखिम रामलो याने शरणागती पत्करली.

३/ पण विमान पाणबुडी ताब्यात घेणार कशी? थॉम्पसन घिरट्या घालत राहिले. नंतर कॅटलिना विमानाने पहारा सांभाळला. सशस्त्र ट्रॉलर पोहोचेपर्यंत जर्मनांनी सांकेतिक पुस्तके आणि एनिग्मा यंत्र नष्ट केले. पाणबुडी मात्र तरंगत राहिली.

४/ तीनच महिन्यांपूर्वी, मे १९४१ मध्ये, 'यू-११०' वरून ब्रिटिशांनी एनिग्मा यंत्र मिळवले होते. ती पाणबुडी ओढून नेताना बुडाली आणि सारे प्रकरण गुप्त राहिले. 'यू-५७०' चे उलटे झाले: गुपिते समुद्रात गेली, पण जवळजवळ अख्खी पाणबुडी हाती आली.

५/ आइसलँडच्या थोर्लाक्सहोफ्न येथील किनाऱ्यावर तिला चढवून तात्पुरती डागडुजी झाली. मग ब्रिटिश खलाशांनी तिला इंग्लंडमधील बॅरो येथे, व्हिकर्सच्या जहाज कारखान्यात आणले. नवे नाव मिळाले: 'एच.एम.एस. ग्राफ'.

६/ इथेच तिचे खरे मोल उघड झाले. पाण्याचा दाब पेलणारे तिचे पोलादी कवच अपेक्षेपेक्षा भक्कम निघाले. अशी पाणबुडी दोनशे मीटरहून खोल जाऊ शकते, म्हणजे त्या काळच्या ब्रिटिश डेप्थ चार्जच्या आवाक्याखाली जाऊन निसटू शकते, हे कळले. पुढे अधिक खोलीवर फुटणारे डेप्थ चार्ज वापरात आले. अमेरिकन नौदलानेही तिच्यावर सविस्तर अहवाल तयार केला.

७/ या शरणागतीची किंमत मात्र एका माणसाने प्राणांनी चुकवली. ग्राइझडेल हॉल या युद्धकैदी छावणीत ऑटो क्रेट्श्मर या नामांकित पाणबुडी कप्तानाच्या पुढाकाराने जर्मन अधिकाऱ्यांचे गुप्त न्यायमंडळ बसले. पाणबुडीचा दुय्यम अधिकारी बर्नहार्ड बर्न्ट भ्याडपणाचा दोषी ठरला.

८/ बॅरो तिथून फार दूर नव्हते. कलंक पुसण्यासाठी बर्न्टने छावणीतून पळून बॅरो गाठावे आणि पाणबुडी नष्ट करावी, असे ठरले. ऑक्टोबर १९४१ मध्ये तो निसटलाही. पण तो होम गार्डच्या हाती लागला आणि पुन्हा पळू पाहताना गोळी लागून ठार झाला.

९/ 'ग्राफ' लेफ्टनंट पीटर मॅरियट यांच्या हाताखाली मोहिमांवर जाऊ लागली. २१ ऑक्टोबर १९४२ रोजी स्पेनच्या किनाऱ्याजवळ तिची गाठ तिच्याच जातीच्या 'यू-३३३' शी पडली. चार टॉर्पेडो सुटले, स्फोट ऐकू आले. शत्रू बुडाल्याचे श्रेयही मिळाले. युद्धानंतर जर्मन नोंदींतून उलगडले की 'यू-३३३' सुखरूप तळावर पोहोचली होती.

१०/ शस्त्र म्हणून परकी पाणबुडी अडचणीचीच. सुटे भाग बनवणारे कारखाने शत्रूच्या देशात. शिवाय आपल्याच विमानांनी तिला शत्रू समजण्याची धास्ती. सततच्या बिघाडांमुळे 'ग्राफ' अखेर मोहिमांवरून मागे घेण्यात आली.

११/ जर्मनीचा अनुभवही वेगळा नव्हता. मे १९४० मध्ये ब्रिटिश 'सील' पाणबुडी सुरुंगाने जखमी होऊन, तीही विमानांपुढेच, शरण गेली. जर्मनांनी तिला 'यूबी' नावाने सेवेत घेतले आणि १९४१ मध्ये सेवेतून काढले. तिचे कप्तान रूपर्ट लॉन्सडेल यांच्यावर १९४६ मध्ये लष्करी खटला चालला; न्यायालयाने त्यांना सन्मानाने निर्दोष सोडले. बर्न्टच्या वाट्याला असे रीतसर न्यायालय कधी आलेच नाही.

१२/ मार्च १९४४ मध्ये 'ग्राफ' ओढून नेली जात असताना दोर तुटला आणि ती स्कॉटलंडमधील आयला बेटाच्या खडकांवर जाऊन फुटली. तिने 'बुडवलेली' 'यू-३३३' तेव्हाही समुद्रात होती. ती खरोखर बुडाली ३१ जुलै १९४४ रोजी, ब्रिटिश युद्धनौकांच्या हल्ल्यात.