उन्हाचे मळे आणि सरकारचा शब्द

सोलर म्हटलं की आपण पॅनेलबद्दल बोलतो. आज बोलूया त्यामागच्या पैशांबद्दल. त्यासाठी जाऊया स्पेनला, 2007 सालात.

तेव्हा सोलर वीज फार महाग पडायची. सबसिडीशिवाय प्रकल्प परवडत नव्हता. मे 2007 मध्ये स्पेन सरकारने नवा नियम आणला. 100 किलोवॅटपर्यंतच्या प्रकल्पाला युनिटमागे सुमारे 44 युरो सेंट मिळणार, आणि ते तब्बल 25 वर्षं! बाजारातल्या विजेच्या भावापेक्षा हा दर कितीतरी पट जास्त होता.

मग काय, झुंबड उडाली. मोठ्या कंपन्या आल्याच, पण साधी माणसंही आली. एका मोठ्या जागेत प्रत्येकाचे थोडे थोडे पॅनेल, असे प्रकल्प निघाले. त्यांना नाव पडलं ‘उएर्तोस सोलारेस’, म्हणजे उन्हाचे मळे. अनेकांनी कर्ज काढून पैसे गुंतवले. का नाही गुंतवणार? शब्द खुद्द सरकारचा होता.

पण नियमात एक गोची होती. दर ठरला होता, किती प्रकल्पांना तो द्यायचा यावर पक्की मर्यादा नव्हती. 2010 पर्यंतचं उद्दिष्ट होतं 371 मेगावॅट. ते काही महिन्यांतच जवळ आलं. सरकारने सप्टेंबर 2008 ची मुदत दिली, तर लोक आणखी घाईला आले. 2008 या एका वर्षात अडीच हजार मेगावॅटहून जास्त सोलर उभं राहिलं. त्या वर्षी जगातला सगळ्यात मोठा सोलर बाजार स्पेनचा होता.

आता बिल कोण भरणार? तिथे वीजदर आधीपासूनच खर्चापेक्षा कमी ठेवले जायचे. त्या तुटीत सोलरची भर पडली. 2013 पर्यंत तूट 2500 कोटी युरोंच्या वर गेली. मधे मंदीही आली होती. मग सरकारने शब्द फिरवला. 2010 च्या शेवटी, वर्षाला किती तासांच्या विजेला तो दर मिळेल यावर मर्यादा घातली. 2012 मध्ये नव्या प्रकल्पांची मदत थांबवली. 2013 मध्ये जुना दरच रद्द केला.

आणि इथे खरी मेख आहे. परदेशी गुंतवणूकदार आंतरराष्ट्रीय लवादाकडे गेले, त्यातले बरेच जण जिंकले. स्पेनच्या स्वतःच्या नागरिकांना तो रस्ताच नव्हता. त्यांच्या सुप्रीम कोर्टाने कपात वैध ठरवली. कर्जाचे हप्ते मात्र चालूच राहिले.

आपल्याकडे काय झालं? जानेवारी 2010 मध्ये राष्ट्रीय सौर मिशन सुरू झालं. केंद्रीय वीज आयोगाचा दर होता युनिटला 17.91 रुपये. पण तो सरसकट दिला नाही, लिलाव केला: जो कमी मागेल त्याला प्रकल्प. पहिल्याच फेरीत सर्वांत कमी बोली 10.95 रुपयांवर आली, पुढच्या वर्षी 7.49 वर. किती मेगावॅट घ्यायचे, तेही आधीच ठरलेलं.

तरी शब्दाचा प्रश्न आपल्यालाही सुटला नाही. 2019 मध्ये आंध्र प्रदेश सरकारने जुन्या करारांचे दर कमी करायला घेतले. कंपन्या हायकोर्टात गेल्या आणि 2022 मध्ये कोर्टाने सांगितलं, करारातला दरच द्या.

म्हणून कुठलीही सबसिडी जाहीर झाली की आकडा बघाच, पण दोन प्रश्नही विचारा. पैसा कुठून येणार? आणि उद्या शब्द फिरला, तर दाद मागायची सोय कुणाला आहे?

भेटूया पुढच्या भागात!