मलमल, मश्रू आणि मैफल

मार्च संपत आला की वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत उन्हाळी पोशाखाचे लेख सुरू होतात. फिकट रंग घाला, सुती घाला, सैल घाला. गाण्याच्या महोत्सवाला जायचे असेल तर असा कुर्ता, तशी ओढणी. सल्ला चुकीचा नाही. फक्त तो वाचताना असे वाटते की हा शोध गेल्याच वर्षी मुंबईत लागला. आमच्या दख्खनमध्ये या प्रश्नावर चार-पाचशे वर्षे डोके चालवले गेले आहे, आणि मुसलमानांना तर ते जरा जास्तच चालवावे लागले. त्याला कारण चंद्र.

पुण्याचा सवाई गंधर्व महोत्सव डिसेंबरात होतो. तिथे शाल, स्वेटर आणि मफलर यांचीच एक पेठ भरते. दरवर्षी तीच थंडी, तोच पेहराव. आमच्या उर्सांचे तसे नाही. हिजरी वर्ष सूर्याच्या वर्षापेक्षा दहा-अकरा दिवसांनी लहान, म्हणून उर्स दरवर्षी मागे सरकतो आणि साधारण तेहेतीस वर्षांत सगळे ऋतू फिरून येतो. सोलापूरहून रेल्वेने जवळच असलेल्या गुलबर्ग्यात, म्हणजे आताच्या कलबुर्गीत, ख्वाजा बंदानवाज गेसूदराज यांचा उर्स जिल्कदच्या मध्यावर भरतो. २००७ साली तो नोव्हेंबरच्या अखेरीस होता. २०२४ आणि २०२५ साली तो ऐन मे महिन्यात आला. नोव्हेंबरसाठी शिवलेली शेरवानी मे महिन्याच्या कव्वालीत घालून बसणे म्हणजे काय, ते सोलापूर-गुलबर्ग्याचा उन्हाळा सोसलेल्यांना सांगायला नको. आमचा उत्सव चंद्राचा आणि घाम सूर्याचा, या पेचातूनच आमचा मैफिलीचा लिबास घडला.

मैफिलीला कसे यावे याचा विचार सूफींनी फार पूर्वीपासून केला होता. इमाम गझाली यांनी समाअसाठी तीन गोष्टी पाहायला सांगितल्या: वेळ, जागा आणि सोबती. हुजवेरी यांनी ‘कश्फुल महजूब’मध्ये वेगळाच मुद्दा चर्चेला घेतला आहे. गाणे ऐकताना भान हरपलेल्या दर्वेशाने अंगावरचे वस्त्र फाडले तर ते योग्य की अयोग्य, आणि त्या तुकड्यांचे पुढे काय करायचे? महागडा कुर्ता घालून कव्वालीला जाणाऱ्यांनी हे प्रकरण आधी वाचावे.

आता विजापूरकडे वळू. सोलापूरचा आणि विजापूरचा संबंध हुंड्याइतका जुना आहे. हुसेन निजामशहाने आपली मुलगी चांदबिबी अली आदिलशहाला दिली तेव्हा सोलापूरचा किल्ला लग्नात आंदण म्हणून दिला. त्याच चांदबिबीच्या देखरेखीखाली वाढलेला दुसरा इब्राहिम आदिलशहा १५८० ते १६२७ असा गादीवर होता. हा राजा स्वतः गाणारा, वाजवणारा. त्याच्या तंबुऱ्याचे नाव मोतीखान. त्याने दख्खनीत रचलेल्या ‘किताबे नवरस’मध्ये सरस्वती आहे, गणपती आहे आणि आमचे बंदानवाजही आहेत. १५९९ साली त्याने विजापूरजवळ नवरसपूर वसवायला घेतले. नगराचे नाव नवरस, उत्सवाचे नाव ईदे नवरस. गाण्यासाठी नगर आणि गाण्याची ईद! १६२४ साली मलिक अंबरच्या फौजेने ते नगर लुटले. आता तिथे पडक्या भिंती आहेत.

त्या काळची विजापुरी आणि एकूणच दख्खनी चित्रे पाहा. दरबारी माणसाच्या अंगावरचा पांढरा जामा इतका तलम असतो की आतल्या पायजम्याचा रंग बाहेर दिसतो. इब्राहिमच्या गळ्यात कधी रुद्राक्षांची माळ असते. चित्रकाराने हा जामा नुसता दिखाव्यासाठी रंगवला असे आम्हाला वाटत नाही. विजापूरचा उन्हाळा ज्याने भोगला त्याला कळते की तलम सुताखेरीज तिथे दुसरा पर्यायच नव्हता. डोक्यावर बादशाही, कमरेला जरीचा पटका आणि अंगाला मात्र मलमल.

पण मैफिलीला झळाळी हवीच. दिव्यांच्या उजेडात सूत चमकत नाही, रेशीम चमकते. इथे शरियत आडवी येते. पुरुषाला शुद्ध रेशीम घालण्याची मनाई आहे. बायकांना मुभा आहे. या अडचणीतून विणकरांनी जो मार्ग काढला, त्याला आमच्या मते न्यायशास्त्राच्या पुस्तकात एक पान मिळायला हवे. त्यांनी ताणा रेशमाचा घेतला आणि बाणा सुताचा. वीण अशी साधली की रेशमाचा ताणा वरच्या अंगाला तरंगतो आणि सूत खालच्या अंगाला, कातडीला लागून राहते. पाहणाऱ्याला रेशीम, घालणाऱ्याला सूत. बाणा सुताचा असेल तर असे कापड पुरुषालाही चालते, असे हनफी फकीह सांगतात. कापडाचे नाव पडले मश्रू, म्हणजे शरियतने मान्य केलेले. औरंगाबादेत हिमरूच्या जोडीने मश्रूही विणले जाई. गुजरातेत पाटणला तर त्याची मोठीच पेठ होती. उन्हाळ्याच्या दृष्टीने त्यात आणखी एक सोय होती. शुद्ध रेशीम घामाने अंगाला चिकटते. मश्रूच्या आतले सूत घाम पिते. म्हणून हिंदू राजांनी आणि सावकारांनीही मश्रू आवडीने वापरले. त्यांना फतव्याची गरज नव्हती, गारव्याची होती.

हे सगळे विणले कोणी? मुंबई सरकारच्या गॅझेटियरचा सोलापूर खंड १८८४ सालचा आहे. त्यात पद्मसाळी आणि साळी यांच्याबरोबर आमच्या मोमीन विणकरांचीही नोंद आहे. १८७० च्या दशकात सोलापुरात कापडगिरणी उभी राहिली. ती आमची जुनी मिल; आता ती बंद आहे. हातमागामागून यंत्रमाग आले, चादर आणि टॉवेल आले. सुताचा धागा तुटू नये म्हणून विणकामाच्या जागी हवा दमट ठेवावी लागते. म्हणजे दुसऱ्याच्या अंगाला गारवा देणारे कापड विणणारा माणूस स्वतः उकाड्यात, बनियन आणि लुंगीवर. मैफिलीच्या पोशाखाचा इतिहास लिहिताना बनियन आणि लुंगी सहसा गाळली जाते. आमच्या कित्येक मोहल्ल्यांत मात्र रात्रीच्या कव्वालीला बसणारा माणूस दिवसभर तोच लिबास घालून असे. मग आंघोळ, धुतलेला पांढरा कुर्ता-पायजमा, कानात अत्तराचा फाया. याहून अधिक थाट त्याला परवडत नसे.

मिरजेला ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्यात उस्ताद अब्दुल करीम खाँ गायचे. ते १९३७ साली वारले. त्यांच्या स्मरणार्थ उर्सात आजही गाणे होते, आणि तिथे फेटा, टोपी, धोतर, पायजमा, लुगडे सगळे एका जाजमावर बसते. खाँसाहेबांचे शिष्य रामभाऊ कुंदगोळकर, म्हणजेच सवाई गंधर्व. पुण्याचा तो शालींचा महोत्सव त्यांच्याच नावाने १९५३ पासून होतो. पुण्याच्या शालीचे एक टोक असे मिरजेच्या जाजमाला बांधलेले आहे.

दर्ग्यात डोके झाकावे लागते. शिकलेल्या उर्दूभाषकांत एकेकाळी लाल तुर्की टोपीची मोठी ऐट होती. जाड नमद्याची, गोंडा लावलेली. खुद्द तुर्कस्तानने १९२५ साली कायद्याने तिच्यावर बंदी घातली, तरी आमच्याकडचे शौकीन ती घालतच होते, भर उन्हात. सोलापुरात मात्र १९३० च्या उन्हाळ्यात दुसरीच टोपी गाजली. मे महिन्यात गोळीबार झाला, १२ मे रोजी मार्शल लॉ पुकारला गेला आणि तो ३० जूनपर्यंत चालला. त्या दिवसांत पांढरी खादीची टोपी घातली म्हणून लोकांना शिक्षा झाल्या. सुताचा एवढासा तुकडा, डोक्याला उन्हापासून वाचवणारा, धुवून रोज वापरता येणारा; सरकारला तो तोफेसारखा वाटला. पुढे १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात चौघांना फाशी दिले: मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा आणि अब्दुल रसूल कुर्बान हुसेन. कुर्बान हुसेन ‘गझनफर’ हे पत्र चालवत आणि गिरणी कामगारांत वावरत. आम्ही हे वर्गात शिकवतो तेव्हा मुलांना फाशीपेक्षा टोपीचे नवल जास्त वाटते. कपडा घातला म्हणून शिक्षा? ते पुन्हा पुन्हा विचारतात. आजकाल त्यांना या प्रश्नाचे कारणही आहे. कुणी काय घालावे, यावरून रोज कुठे ना कुठे वाद चालूच असतो.

बायकांची मैफल वेगळी. तिला मंडप लागत नाही, उस्ताद लागत नाही. लग्नाचा हंगाम आपल्याकडे एप्रिल-मेचा, त्यामुळे ढोलकचे गीत म्हणजे उन्हाळ्यातलेच गाणे. हळदीच्या रात्री अंगणात किंवा गच्चीवर चटया पडतात आणि दख्खनीतली गाणी सुरू होतात, समधिणीची टिंगल करणारी. तिथे आमच्या जुन्या बायका इरकल नेसून बसत, खणाची चोळी, हातभर हिरव्या बांगड्या, गळ्यात काळ्या पोतीचा लच्छा. हे काय मुसलमानी की मराठी, असा प्रश्न त्यांना कोणी विचारला नाही, आणि त्यांनीही स्वतःला विचारला नाही. इरकलचे सूत उन्हाळ्यात बरे पडते, एवढे त्यांना ठाऊक होते.

आज त्याच अंगणात पॉलिस्टरचा अबाया आहे, पॉलिस्टरचा झगमगीत लेहेंगा आहे, आणि पुरुषांच्या अंगावर पॉलिस्टरचीच ‘लखनवी’ शेरवानी आहे. अबाया घालावा की साडी नेसावी, हे जिचे तिने ठरवावे; त्यात बोलण्याचा आम्हाला अधिकार नाही. पण अंग झाकावे असे सांगणाऱ्या शरियतने पॉलिस्टरचा आग्रह कुठेही धरलेला नाही. सुताचा अबाया शिवता येतो, मलमलची ओढणी डोक्यावरून घेता येते. ज्या गावात घरोघरी सूत होते, तिथल्या मुली लग्नघरात उकाड्याने चक्कर येऊन पडतात, हे पाहवत नाही. किमतीचा प्रश्न आहे, मान्य. चांगले सुती कापड आता महाग आहे आणि कृत्रिम धाग्याचे स्वस्त. मोमीनाच्या पोरीला मलमल परवडत नाही, हा हिशेब मात्र जुनाच आहे.

बंदानवाजांचा उर्स दरवर्षी असाच मागे सरकत जाईल. २०२९ च्या सुमारास तो मार्चच्या अखेरीस येईल, आणि थंडीपर्यंत पोहोचायला त्याच्यापुढे आणखी काही वर्षे लागतील. तोवर शेरवानी डांबराच्या गोळ्या घालून ट्रंकेत राहू द्यावी.