चिकटवहीतला बेसबॉल : जेफरसन बर्डिकचा संग्रह

सिगारेटच्या पाकिटातून फुकट मिळणारी बेसबॉलपटूंची कार्डे अमेरिकेतील मुले हौसेने जमवीत आणि मोठी झाली की विसरून जात. न्यूयॉर्क राज्यातील सिरॅक्यूजचा जेफरसन बर्डिक मात्र विसरला नाही. विद्युत साहित्याच्या कारखान्यातील हा साधा कामगार. त्यात संधिवाताने हात आखडलेले.

1939 साली त्याने अशा कार्डांची सूची छापली. आजचे संग्राहक ज्याला ‘टी-206’ म्हणतात, तो क्रमांक त्याच्याच सूचिकार्यातला. त्या संचातील होनस वॅग्नरचे एक कार्ड 2022 साली सुमारे 72.5 लाख डॉलरना विकले गेले!

बर्डिकने काहीच विकले नाही. 3 लाखांहून अधिक छापील चिठोरी, त्यांत सुमारे 30,000 बेसबॉल कार्डे, त्याने न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमला देऊन टाकली आणि वर्षानुवर्षे तेथेच बसून ती वह्यांत चिकटविली.

होय, चिकटविली. पारदर्शक कप्प्यांच्या फाइलमध्ये कार्ड अलगद सरकवणाऱ्या आजच्या संग्राहकाला हे पातकच वाटेल. पण सुटी राहिली असती, तर त्यांतली किती उरली असती?

जानेवारी 1963 मध्ये काम पुरे झाले. मार्चमध्ये बर्डिक वारला.