जेटचे माप



उल्हासनगरच्या वस्त्या आजही कॅम्प १, कॅम्प २ अशा आकड्यांनीच ओळखल्या जातात. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्कराची मोठी छावणी होती. फाळणीनंतर सिंधमधून आलेली निर्वासित कुटुंबे तिच्या बराकींत राहू लागली आणि १९४९ साली या वसाहतीला उल्हासनगर हे नाव मिळाले. शहाड स्टेशनाच्या बाजूची वस्ती म्हणजे कॅम्प १. हाती जमीन नाही, भांडवल नाही. तेव्हा आलेली वस्तू उघडून पाहायची आणि तशीच घडवायची, ही विद्या या लोकांनी जवळ केली. इथल्या मालावरचे ‘मेड इन यूएसए’ म्हणजे ‘उल्हासनगर सिंधी असोसिएशन’, असा विनोदही त्यातूनच रूढ झाला.

विनोद राहू द्या. पण पाहून सगळेच करता येते का? मोटारीच्या एका चिमुकल्या भागापाशी या विद्येचा कस लागतो. तो भाग म्हणजे कार्ब्युरेटरचा जेट.

जेट म्हणजे पितळेचा बारीकसा स्क्रू, मधोमध आरपार छिद्र असलेला. बाहेरचे आटे कोणीही पाडील. किंमत आहे ती त्या पोकळीला. पेट्रोल इंजिनात जळायचे तर ते हवेत मिसळावे लागते; १ किलो पेट्रोलला साधारण १४.७ किलो हवा. कार्ब्युरेटरचा गळा मध्ये अरुंद असतो. तिथे हवेचा वेग वाढतो, दाब उतरतो आणि त्या ओढीने जेटमधून पेट्रोल वर येऊन फवारते. अरुंद नळीतल्या प्रवाहाचा हा गुण इटलीच्या व्हेंतुरी यांनी १७९७ साली मांडला होता. जर्मनीत मायबाख यांनी आणि हंगेरीत बांकी व चोंका या जोडीने फवाऱ्याचा कार्ब्युरेटर सिद्ध केला तो १८९३ च्या सुमारास. म्हणजे विचार आणि वापर यांत जवळजवळ शंभर वर्षे गेली, बरं का!

आता एका इंजिनाची गोष्ट ऐका. फियाट कंपनीने १९३७ साली १०८९ घन सेंटिमीटरचे चार सिलिंडरी इंजिन काढले. त्याची ताकद सुमारे ३२ अश्वशक्ती. महायुद्ध संपल्यावर इटलीच्या तुरीन शहरात पिएरो दुसिओ या उद्योजकाने याच इंजिनाच्या आधारावर चिसितालिया नावाची स्पोर्ट्स कार उभी केली. आतला दाब वाढवला, कार्ब्युरेटर बदलले, जेट नव्याने बसवले आणि ताकद पन्नास अश्वशक्तीच्या पुढे नेली. १९४७ च्या मिल्ले मिल्या या सुमारे १,८०० किलोमीटरच्या शर्यतीत चोपन्न वर्षांचा नुव्होलारी हीच छोटी गाडी घेऊन दुसरा आला. पुढे त्याच १०८९ च्या घराण्यातले इंजिन कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात आले. १९५४ पासून तिथे फियाट ११०० निघू लागली, तिचीच पुढे पद्मिनी झाली, आणि मुंबईची काळीपिवळी टॅक्सी तिच्यावर धावली. एक घराणे शर्यतीतही उतरले आणि भाड्यालाही लागले!

या दोन कामांना एकच जेट चालेल का? नाही. जेटवर १२०, १२५ असा आकडा कोरलेला असतो. तो साधारणपणे छिद्राचा व्यास, मिलिमीटरच्या शंभराव्या भागात. १२० चा १२५ केला तर व्यास चार टक्के वाढतो, पण छिद्राचे क्षेत्रफळ साडेआठ टक्क्यांनी वाढते. पाटाची मोरी बोटभर रुंद झाली की शेतात किती जास्त पाणी येते, हे शेतकऱ्याला सांगायला नको.

शर्यतीत इंजिन पूर्ण जोराने पळते. तिथे हवा थोडी कमी, साडेबारा-तेरा किलोच लागते. म्हणजे मिश्रण दाट हवे. जादा पेट्रोल इंजिनाला थोडा गारवाही देते. टॅक्सीचे गणित मैलांचे, म्हणून तिला पातळ मिश्रण परवडते. पण पेट्रोल वाचवायच्या हव्यासाने जेट फारच बारीक केला, तर जोराच्या चालीत इंजिन तापते आणि पिस्टनला भोकसुद्धा पडते. चार पैशांची काटकसर अशी हजारांत जाते. याच्या उलट महाबळेश्वरला, साडेतेराशे मीटरवर, हवाच विरळ. तिथे सपाटीचा जेट ठेवला तर मिश्रण नको तितके दाट होते, म्हणून छिद्र लहान हवे.

हे जमवायचे कसे? आधी व्हॉल्व्हची फट, पॉइंट आणि टायमिंग नीट करावे. दोष तिथे असला तर जेट बदलून काय उपयोग? मग एका वेळी एकच बदल करावा आणि तो वहीत टिपावा. मोकळ्या, सुरक्षित रस्त्यावर गाडी जोराने पळवावी, क्लच दाबून इंजिन बंद करावे, गाडी थांबवावी आणि प्लग काढून पाहावा. बिस्किटासारखा तपकिरी रंग आला तर माप बरोबर. काजळी धरली तर पेट्रोल जास्त, पांढराफटक दिसला तर कमी. आणि जेट चोंदला म्हणून त्यात तार मात्र कधी घालू नये. पितळ मऊ, छिद्र वाढते, आकडा तोच राहतो, आणि पुढचा कारागीर त्या खोट्या आकड्यावर विसंबून फसतो.

ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेली. एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या कडक नियमांमुळे नव्या दुचाकींतही कार्ब्युरेटरची जागा इंजेक्शनने घेतली. आता माप यंत्रच धरते. जुन्या गाड्या जपणारे आहेत तोवर जेट राहील. पण प्लगचा रंग वाचणारे डोळे कमी होत चालले आहेत, आणि ती विद्या पुस्तकात फारशी उतरलेली नाही. ती हातातून हातात गेली, तशीच हातांबरोबर जाईल.

म्हणून शिक्षकमित्रांना एक विनंती. दोन सारखे डबे घ्या. एकाच्या तळाला ४ मिलिमीटरचे आणि दुसऱ्याच्या तळाला ५ मिलिमीटरचे छिद्र पाडा, सारखे पाणी भरा आणि मुलांना घड्याळ लावून मोजू द्या. मिलिमीटर एकच वाढला, पण धार दीडपटीहून अधिक होते. मग गावातल्या जुन्या मेकॅनिकला वर्गात बोलवा आणि त्याला त्याच्या शब्दांत बोलू द्या. पाहून वस्तू करता येते. पण माप समजले, तरच ती चालते. उल्हासनगरच्या पहिल्या पिढीला हा धडा हातांनी शिकावा लागला. आपल्या मुलांना तो शाळेतच मिळू द्या.