श्रवणभ्रमण

श्रवणभ्रमण : एखाद्या स्थळी पायी हिंडत, न बोलता, तेथील सर्व ध्वनी लक्षपूर्वक ऐकून त्या स्थळाचा व तेथील लोकजीवनाचा परिचय करून घेण्याची पद्धती. चालणे व ऐकणे या क्रिया मानवाइतक्याच जुन्या आहेत; तथापि त्यांची हेतुपूर्वक सांगड घालून स्थळाच्या अभ्यासाचे साधन बनविण्याचा प्रयत्न विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, मुख्यतः कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरील व्हँकूव्हर शहरात झाला. गोंगाटाविषयीच्या तक्रारीतून निघालेली ही पद्धती पुढे एका वेगळ्याच प्रश्नाशी येऊन ठेपली : एखादे स्थळ आपले आहे असे कोणी, आणि कशाच्या आधारे म्हणावे?

मॅक्स न्यूहाऊस (१९३९–२००९) या अमेरिकन तालवादकाने १९६६ मध्ये न्यूयॉर्क येथे जमलेल्या मित्रमंडळींच्या हातांवर ‘ऐका’ या अर्थाचा शिक्का मारून त्यांना सभागृहात न नेता रस्त्यांवरून फिरवून आणले. हा प्रयोग संगीताच्या व्याख्येविषयीचा होता, स्थळाविषयीचा नव्हे. स्थळाचा विचार कॅनडियन संगीतकार मरी शेफर (१९३३–२०२१) याने प्रथम पद्धतशीरपणे मांडला. ब्रिटिश कोलंबियातील सायमन फ्रेझर विद्यापीठात तो १९६५ पासून अध्यापन करीत होता. व्हँकूव्हरच्या झपाट्याने होणाऱ्या वाढीबरोबर वाढणाऱ्या गोंगाटाने अस्वस्थ होऊन त्याने प्रथम ध्वनिप्रदूषण हा विषय शिकवावयास घेतला. परंतु केवळ निषेधाने विद्यार्थ्यांच्या हाती काही लागत नाही, हे त्याच्या लवकरच ध्यानी आले. म्हणून काय ऐकू येऊ नये याऐवजी काय ऐकू येते, काय जपण्याजोगे आहे, याचा शोध घेण्यासाठी त्याने ‘जागतिक ध्वनिपरिसर प्रकल्प’ उभारला. ध्वनिपरिसर म्हणजे एखाद्या स्थळी राहणाऱ्यांच्या कानी पडणाऱ्या सर्व ध्वनींचा समुच्चय.

या प्रकल्पाचा व्हँकूव्हरविषयीचा ग्रंथ दोन ध्वनिमुद्रिकांसह १९७३ मध्ये प्रसिद्ध झाला. शेफरने ध्वनींचे तीन प्रकार कल्पिले होते : सतत कानी पडत असल्यामुळे ज्याकडे लक्ष जात नाही तो आधारस्वर (उदा., किनाऱ्यावरील गावातील लाटांचा), मुद्दाम लक्ष वेधणारे संकेतध्वनी (घंटा, भोंगे इ.) आणि भूप्रदेशातील एखाद्या ठळक खुणेप्रमाणे त्या समाजाची ओळख ठरलेली ध्वनिखूण. व्हँकूव्हरच्या ध्वनिखुणांत १८१६ मध्ये इंग्लंडातील वुलिच येथे ओतलेली व १८९४ पासून स्टॅन्ली उद्यानात असलेली, रात्री नऊ वाजता उडणारी तोफ प्रसिद्ध आहे. कॅनडाच्या संघराज्याच्या शताब्दीनिमित्त १९६७ मध्ये बसविलेले, दुपारी बारा वाजता राष्ट्रगीताचे पहिले चार स्वर वाजविणारे भोंगेही तितकेच परिचित होते. अ‍ॅट्किन्सन भूशिरावरील दीपगृहाचा धुक्यातील भोंगा या प्रकल्पाने ध्वनिमुद्रित केला. पुढे तो बंद पडला व आता तो ध्वनिमुद्रणातच ऐकावयास मिळतो.

भ्रमणाची रीत साधी होती. गटाने एका ओळीत, मौन पाळून चालावयाचे व पुढच्याची पावले ऐकू येण्याच्या जेमतेम पलीकडे राहतील इतके अंतर राखावयाचे. ती पावले ऐकण्याच्या प्रयत्नात कान आपोआप सावध राहतात. वाटेत कोठे थांबावे, कशावर वाजवून पाहावे, कोणत्या आवाजांची तुलना करावी, हे नकाशावर दाखविले असल्यास शेफर त्यास केवळ श्रवणाची फेरी न म्हणता वेगळे नाव देई. व्यवहारात मात्र हा भेद फारसा टिकला नाही. 

१९७५ मध्ये शेफर व त्याचे सहकारी यूरोपात गेले. स्वीडनमधील स्क्रूव्ह, जर्मनीतील बिसिंगेन, इटलीतील चेंब्रा, फ्रान्समधील लेस्कोनिल व स्कॉटलंडमधील डॉलर या पाच खेड्यांचा त्यांनी केलेला अभ्यास १९७७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांपैकी ब्रिटनीच्या दक्षिण किनाऱ्यावरील लेस्कोनिल या कोळ्यांच्या गावाचे निरीक्षण विशेष उद्‌बोधक आहे. या गावाला तीन बाजूंनी समुद्र असून जमिनीकडून व समुद्राकडून आळीपाळीने वाहणारे वारे चोवीस तासांत जणू गावाभोवती प्रदक्षिणा घालतात. रात्री उत्तरेकडील शेतवाड्यांचे आवाज येत. दिवस चढू लागला की पूर्वेकडील, दुपारी दक्षिणेच्या समुद्रावरील व सायंकाळी पश्चिमेकडील ध्वनी क्रमाने कानी पडत. खराब हवेत हा क्रम बिघडे. म्हणजे गावाची हद्द नकाशावर स्थिर असली, तरी कानांना जाणवणारी हद्द प्रहराप्रहराला सरकत होती. गावात वाढलेल्या माणसाला हे ज्ञान कोणी शिकवीत नसे, आणि बाहेरून आलेल्याला ते एका दिवसात मिळत नसे. एखाद्या गावचे असणे म्हणजे काय, याचे याहून नेमके उदाहरण या सबंध साहित्यात क्वचितच आढळेल. फिनलंडमधील संशोधकांनी १९९९–२००० च्या सुमारास या खेड्यांत पुन्हा जाऊन, त्यांत फिनलंडमधील एका खेड्याची भर घालून, पंचवीस वर्षांतील बदलांचा अभ्यास केला.

प्रकल्पातील हिल्डगार्ड वेस्टरकँप (१९४६– ) हिने श्रवणभ्रमणाला खऱ्या अर्थाने स्वतंत्र रूप दिले. ती जर्मनीतून १९६८ मध्ये कॅनडात आली. परक्या शहरात रुळू पाहणाऱ्या व्यक्तीचे कान तिच्या लेखनामागे आहेत. १९७४ मधील तिच्या लेखात भ्रमणाचा आरंभ स्वतःच्या शरीराच्या व पावलांच्या आवाजापासून करण्यास सांगितले आहे. आपलीच पावले ऐकू येत नसतील, तर ते स्थळ माणसाच्या मापाचे राहिलेले नाही, असा त्यातील आशय. १९७८-७९ मध्ये तिने व्हँकूव्हरच्या सहकारी नभोवाणीवर श्रवणभ्रमणांची मालिका सादर केली. नवी दिल्लीतील फेरीवाल्यांच्या हाका व इतर ध्वनींवर आधारलेली तिची रचना १९९७ ची आहे.

शेफरच्या विचारावर पुढे बरीच टीका झाली. खेड्यातील निर्मळ ध्वनी व शहरातील गढूळ ध्वनी ही त्याची विभागणी खेड्यांविषयीच्या हळहळीतून आलेली आहे, हा आक्षेप योग्यच आहे. चर्चच्या घंटेचा आवाज पोहोचेल तेथवर एक समाज, असे म्हणताना ती घंटा ज्यांच्यासाठी वाजत नव्हती त्यांचा विचार मागे पडला. व्हँकूव्हरच्या बाबतीत हा प्रश्न अधिक तीव्र आहे. हे शहर मस्क्वीअम, स्क्वॉमिश व त्स्लेल-वाउटुथ या आदिवासी जमातींनी कधीही करारान्वये न दिलेल्या भूमीवर वसले आहे. नगरपरिषदेने ही गोष्ट २०१४ मध्ये औपचारिक रीत्या मान्य केली. नऊच्या तोफेचे स्टॅन्ली उद्यानही मुळात वसलेली जागा होती. १८८८ मध्ये उद्यानाचा रस्ता तेथील ख्वायख्वाय या जुन्या गावाच्या भूमीतून काढण्यात आला आणि तोफेजवळच्या ब्रॉक्टन भूशिरावरील कुटुंबांचा हक्क १९२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नाकारला. तेथील शेवटचा रहिवासी १९५८ मध्ये मरण पावला. शहराला घरपणाची खूण वाटणारा तोफेचा आवाज या कुटुंबांच्या कानी कसा पडत असेल, हा प्रश्न १९७३ च्या ग्रंथासमोर नव्हता.

स्तोलो वंशाचा अभ्यासक डिलन रॉबिन्सन याने २०२० मधील ग्रंथात हीच उणीव ‘बुभुक्षित श्रवण’ या संज्ञेने दाखविली. १८५८ मध्ये सोन्याच्या शोधात फ्रेझर नदीच्या खोऱ्यात आलेल्या गोऱ्यांना स्तोलो लोकांनी दिलेल्या नावाचा अर्थ ‘उपाशी माणूस’ असा होता. जे कानी पडेल ते आपले म्हणून गोळा करणारे ऐकणेही त्याच भुकेचे आहे, असे रॉबिन्सनचे म्हणणे. हे वेस्टरकँपसारख्या संयमी ऐकणाऱ्यांवर काहीसे अन्यायकारक वाटेल; परंतु आपण पाहुणे आहोत याची जाणीव ठेवून चालणे व यजमानाच्या ऐटीत चालणे यांतील फरक त्यामुळे स्पष्ट झाला.

१९९३ मध्ये कॅनडातील बॅन्फ येथे या विषयाच्या अभ्यासकांची जागतिक संघटना स्थापन झाली. शेफरचा जन्मदिवस, १८ जुलै, हा २०१० पासून जागतिक श्रवण दिन म्हणून पाळला जातो. शासकीय पातळीवर जपानने अधिक काम केले. तेथील पर्यावरण विभागाने १९९६ मध्ये नागरिकांकडून आलेल्या ७३८ सूचनांतून जपण्याजोगी शंभर ध्वनिस्थळे निवडली. कीताकामी नदीच्या मुखाशी वाऱ्याने सळसळणारे बोरूचे बन त्यांपैकी एक होते. २०११ च्या भूकंपात तेथील जमीन खचली व त्सुनामीत या बनाचा मोठा भाग नष्ट झाला.