चमच्यावर कोरलेले नाव

स्नानसंस्काराच्या दिवशी ठाणे-कल्याणकडील पुष्कळशा ख्रिस्ती घरांत धर्मपित्याच्या हाती एक छोटी लाल डबी दिसते. डबीत चांदीची वाटी आणि वाटीत चांदीचा चमचा. बाळाच्या पहिल्या पेजेपुरता तो उपयोगी पडतो, मग कपाटात जातो, आणि पुढे कधीतरी सराफाकडे मोड म्हणून जाऊन त्याचे पैंजण होतात. यात हळहळण्यासारखे काही आहे असे आम्हांलाही कधी वाटले नव्हते. एका डोंबिवलीकर कुटुंबाने आपल्या घरातला एक चमचा आम्हांला दाखविला, तोपर्यंत.

बोटीवर नोकरीस असलेल्या आजोबांनी तो हॉलंडहून आणला होता. दांडीच्या टोकाला इवलीशी पवनचक्की, दांडीला पीळ, आणि वाटीच्या आत जहाजाचे चित्र. चांदीचा भाव चढल्यामुळे तो मोडीत घालण्याचे घरात ठरत आले होते. खरी आहे का, एवढेच त्यांना आमच्याकडून हवे होते. भिंगाखाली पाहता मागच्या बाजूस चालत असलेला सिंह आणि २ हा आकडा दिसला. डच कायद्यानुसार १८१४ पासून १९५३ पर्यंत या ठशाचा अर्थ हजारात ८३३ भाग शुद्ध चांदी असा होता. सिंहासोबत १ असेल तर ९३४ भाग. (सिंह नसून नुसता ९० हा आकडा असेल, तर तो बहुधा चांदीचा मुलामा समजावा.) चांदी खरी होती. पण त्या ठशाशेजारी बारीक अक्षरांत एक नाव, 'गेबोरेन' म्हणजे 'जन्म' हा शब्द आणि १९०८ सालातील एक तारीख कोरलेली होती. कोणा परक्या बाळाचा हा चमचा डोंबिवलीच्या कपाटात येऊन पडला होता.

पवनचक्कीचे असे चमचे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून मोठ्या संख्येने घडविले गेले. लेक नदीकाठचे स्कोनहोवन हे गाव त्यासाठी नावाजलेले. डच लोक त्याला 'चांदीचे शहर' म्हणतात. पुष्कळसे चमचे निव्वळ शोभेचे, प्रवाशांसाठी केलेले. परंतु त्यांच्या पाठीशी असलेली रूढी कितीतरी जुनी आहे.

पूर्वी युरोपात चमचा ही ज्याची त्याची वस्तू असे. सोळाव्या-सतराव्या शतकांतील डच चमच्याची दांडी आखूड, वाटी अंजिराच्या आकाराची, आणि टोकाला घोड्याचा खूर किंवा एखादी मूर्ती असे. मूर्तींत बारा प्रेषितांचा मान मोठा: किल्ली घेतलेला संत पेत्र, तिरप्या क्रुसासह संत आंद्रिया, सुरी धरलेला संत बार्थोलोमिव. धर्मपिता आपल्या ऐपतीप्रमाणे एक चमचा देई. एखादा धनिक बाराही देई. स्नानसंस्काराच्या या भेटीला डच भाषेत 'पिलेगिफ्ट' म्हणत, कारण 'पिल' म्हणजे धर्मपुत्र. आपल्या 'पिल्ला'शी त्या शब्दाचे काही नाते नाही. पण मराठी कानाला तो परका वाटत नाही, हेही खरे.

येथे एक गोष्ट आमच्या मनात घर करून राहिली. १५६६ साली नेदरलँड्समध्ये चर्चमधील मूर्ती फोडल्या गेल्या. पुढे कॅथलिकांना उघडपणे मिस्सा साजरा करण्याची बंदी झाली. ॲमस्टरडॅममध्ये १६६३ साली एका घराच्या माळ्यावर थाटलेले चोरटे चर्च आजही पाहावयास मिळते. वेदीवरून प्रेषित उतरले, आणि तरीही सतराव्या शतकात सोनार त्यांना चमच्याच्या टोकावर उभे करीतच राहिले. जेवणाच्या मेजावर त्यांना कोणी अडविले नाही.

बाळाच्या भेटीस येणाऱ्या शेजारणींना 'कांडेल' नावाचे पेय देत: द्राक्षमद्य, अंड्याचा बलक, साखर, दालचिनी व लवंग. बाप फितींची टोपी घालून मिरवी आणि पेय दालचिनीच्या काडीने ढवळले जाई. मुलगा असल्यास काडी लांब, मुलगी असल्यास आखूड. हसू नये, मुलाचे पेढे आणि मुलीची बर्फी हा हिशेब आपण अजून विसरलेलो नाही. त्या दालचिनीसाठी मात्र समुद्रापलीकडे रक्त सांडत होते. १६३७ साली आदिलशाही मुलखातील वेंगुर्ल्यास डचांनी वखार घातली व तेथून गोव्याच्या नाकेबंदीला रसद पुरविली. १६५८ पर्यंत सिलोनचा दालचिनीचा किनारा त्यांनी पोर्तुगीजांकडून हिरावून घेतला. वखारीचे पडके अवशेष वेंगुर्ल्यात आहेत. ठाणे १७३७ पर्यंत पोर्तुगीजांकडे होते, तेव्हा आपल्या पूर्वजांच्या लेखी डच म्हणजे शत्रूच.

उत्तरेकडील फ्रीसलंड व ग्रोनिंगन प्रांतांत लग्नाला आणि बारशाला दोन कानांचे लांबट चांदीचे पात्र फिरे. त्यात ब्रँडीत मुरविलेले मनुके आणि सर्वांना मिळून एकच चमचा. मृत्यूलाही चमचा असे: शवपेटी खांद्यावर वाहणाऱ्यांना मृताचे नाव व तारीख कोरलेला चांदीचा चमचा आठवण म्हणून देण्याची चाल होती. अमेरिकेत न्यू यॉर्ककडे वसलेल्या डच घराण्यांनीही ती पाळली. ज्याने खांदा दिला, त्याच्या घरात ते नाव रोज दिसावे, ही कल्पना आम्हांला फुलांच्या चक्रापेक्षा अधिक मोलाची वाटते.

हे सारे आम्ही त्या कुटुंबाला सांगितले. वजनाने त्या चमच्याचे फारसे पैसे येणारही नव्हते. तो मोडीत गेला नाही. उलट, त्याच महिन्यात नातवाचा स्नानसंस्कार होता, म्हणून आजी नवा चमचा घेऊन कल्याणच्या सराफाकडे गेल्या व त्यावर नाव कोरून मागितले. कारागिराने विचारले, तारीख कोणती घालू, जन्माची की संस्काराची? घरात दोन दिवस वाद झाला. सुनेचे मत जन्माचे, आजींचे संस्काराचे. अखेर दांडीच्या एका बाजूस एक आणि दुसऱ्या बाजूस दुसरी, अशा दोन्ही तारखा कोरून घेतल्या.